चूल मागे, पंगत पुढे : जुन्या ठाण्यातल्या घरांत उघडणाऱ्या उपाहारगृहांबद्दल खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त, ठाणे महानगरपालिका,
शहर विकास, सार्वजनिक बांधकाम व अग्निशमन विभागांचे प्रमुख,
वारसा समितीचे सदस्य,
आणि जुन्या घरांत खाण्यापिण्याचा धंदा चालवणारे व चालवू पाहणारे ठाणेकर यांस

सप्रेम नमस्कार.

नौपाडा, चरई, खारकर आळी, जांभळी नाका, महागिरी, चेंदणी या भागांत उरलेली कौलारू, लाकडी माळ्यांची घरे आता राहायला कोणी फारशी घेत नाही. विचारणा येते ती खाण्याच्या धंद्याकडून. खाली काउंटर, वर बसायला टेबले, भिंतीतला कोनाडा तसाच ठेवलेला, अशी जागा हॉटेलवाल्यांना हवी असते. आम्हांला यात आनंदच आहे. रिकाम्या घराचे कौल फुटले तर वर्षभर कोणाला पत्ता लागत नाही. चालत्या धंद्याच्या घरात टेबलावर थेंब पडला की त्याच दिवशी माणूस छपरावर चढतो. उपाहारगृह हा जुन्या घराचा चांगला राखणदार होऊ शकतो.

आज मात्र तो राखणदारच घर खातो आहे, आणि तेही बहुतेक वेळा हौसेने पैसा ओतून. माजघरात भट्टी बसते, माळ्यावर पाण्याची टाकी जाते, दगडी भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढतो, कौलांतून डक्ट, म्हणजे धूर बाहेर नेणारी पत्र्याची नळी, बाहेर निघतो. मग थोड्याच पावसाळ्यांत घर डुगडुगू लागते, नोटीस येते आणि घर पाडले जाते. आम्ही या घरांच्या दुरुस्तीत आणि उपाहारगृहांची स्वयंपाकघरे उभारण्यात काम करणारी मंडळी आहोत: गवंडी, सुतार, अभियंते, डक्ट आणि गॅसची जोडणी करणारे. आमची मागणी एका ओळीची आहे. जुन्या घरात पंगत बसू द्या, चूल त्याच्या मागे वेगळ्या बांधकामात ठेवा, आणि परवानगीचे कागद या एका गोष्टीभोवती नव्याने लिहा.

ही कल्पना आमची नाही, घरे बांधणाऱ्यांचीच आहे. ओटी, ओसरी, माजघर असे करत स्वयंपाकघर मागच्या पडवीला यायचे, न्हाणी आणि मोरी परसाकडे. मोठ्या वाड्यांत मुदपाकखाना वेगळाच असे. त्यामागे सोवळ्याओवळ्याचा भाग असेल, पण सागाच्या तुळया आणि कडीपाट (लाकडी छत) असलेल्या घरात आग आणि पाणी दोन्ही एका टोकाला, छप्पर खाली उतरते तिथे ठेवायचे, हे बांधकामाचे शहाणपणही त्यात आहे. मागची पडवी जळाली किंवा कुजली तरी मूळ घर उभे राहत असे.

आता आत भट्टी बसली की नेमके काय बिघडते ते सांगतो.

आधी वाफ. एक लिटर पाणी आटले की त्याची सुमारे १,७०० लिटर वाफ होते. मिसळीचा रस्सा, भात, डाळ यांची पातेली दिवसभर उकळत असतील तर काही लिटर पाणी रोज घरात हवेतून फिरते. ही वाफ थंड जागी जाऊन बसते, आणि जुन्या घरातली थंड जागा म्हणजे तुळईचे भिंतीत शिरलेले टोक. लाकडातली ओल सुमारे २० टक्क्यांच्या वर राहू लागली की बुरशी धरते आणि कूज सुरू होते. बाहेरून तुळई ठणठणीत दिसते, रंगही नवा असतो. भिंतीलगत स्क्रू ड्रायव्हर टोचा: तो चिकणमातीत जावा तसा बोटभर आत गेला तर ती तुळई आता भिंतीवर टेकलेली नाही, नुसती सवयीने उभी आहे. वाळवी त्याच ओल्या टोकातून वर चढते.

मग वजन. भारतीय मानकांत राहत्या घराच्या मजल्यासाठी दर चौरस मीटरला साधारण २०० किलो भार धरतात, उपाहारगृहाच्या बसण्याच्या जागेसाठी ४००. म्हणजे घराची खानावळ झाली की मजल्याकडून अपेक्षा दुप्पट होते, आणि मजला मात्र तोच. हजार लिटरची टाकी म्हणजे एक टन. भरलेला डीप फ्रीझर चार पायांवर उभा असतो, त्यामुळे त्याचे सगळे ओझे चार टिचभर जागांवर येते. माळ्यावर बसायला देता येते, पण आधी तुळयांची टोके तपासून, गरज तिथे सागाचीच जोड देऊन, आणि किती माणसे बसतील याचा आकडा जिन्याशी लावून. टाकी, फ्रीझर आणि पिठाची पोती माळ्यावर कधीच नकोत.

याहून जास्त नुकसान भिंत पाडून होते. दोन खोल्यांचा एक हॉल करण्यासाठी मधली भिंत काढतात आणि लोखंडी गर्डर टाकतात. गर्डर स्वतः मजबूत असतो. तो ज्या चुन्याच्या भिंतीवर टेकतो ती भिंत वीतभर जागेत तेवढे ओझे घ्यायला बांधलेली नसते. गर्डरच्या टोकाखाली चुना भुगा होऊन गळू लागतो, वरच्या भिंतीला तिरकी भेग जाते. गर्डर टाकायचाच असेल तर त्याच्या दोन्ही टोकांखाली घडीव दगडाची किंवा काँक्रीटची रुंद उशी हवी, आणि काम चालू असताना वरचा माळा टेकूंवर हवा. आमचे मत मात्र असे की भिंत काढूच नये. दोन खोल्या दोन खोल्याच राहू द्या. पंगत दोन्हीकडे बसेल.

डक्टचा हिशोब एकदा कागदावर मांडला की चूल मागे का हवी हे वेगळे सांगावे लागत नाही. समजा भट्ट्यांवर २.४ मीटर लांब, १.२ मीटर रुंद हूड, म्हणजे धूर ओढून घेणारे छत्र, आहे. त्याच्या तोंडाशी हवा सेकंदाला अर्धा मीटर वेगाने ओढायची तर ताशी सुमारे ५,२०० घनमीटर हवा बाहेर काढावी लागते. डक्टमध्ये हवेचा वेग सेकंदाला ९ मीटर धरला तर ४० बाय ४० सेंटिमीटरचा डक्ट लागतो. तेलकट धुराचा डक्ट जळणाऱ्या वस्तूपासून ४५ सेंटिमीटर दूर ठेवावा, हा जगभर मानला जाणारा दंडक आहे. म्हणजे छपरात १३० सेंटिमीटरची मोकळी चौकट हवी. आपल्या कौलारू छपरात वाशांमधले अंतर अर्ध्या मीटरच्या आसपास असते. दोन-तीन वासे तोडल्याशिवाय असा डक्ट वर निघूच शकत नाही. मग प्रत्यक्षात काय करतात? डक्ट लहान करतात, वाशाला चिकटवून नेतात, भोवती पत्रा ठोकतात. आतमध्ये तेलाचा थर साचतो, वळणावर सर्वांत जाड. कढईतले तेल भडकले की ज्वाळा हुडातून आत ओढली जाते आणि डक्ट वातीसारखा पेटतो. बाहेरून पत्रा लाल होतो, त्याला टेकलेला शंभर वर्षे सुकलेला साग असतो.

मागच्या वेगळ्या स्वयंपाकघरात हाच डक्ट सरळ वर नेता येतो. त्यासाठी काही गोष्टी सोडू नयेत. हूड भट्टीच्या चारही बाजूंनी किमान १५ सेंटिमीटर पुढे असावा. डक्टला उतार हुडाकडे किंवा तेल जमा करण्याच्या भांड्याकडे असावा, मध्ये कुठे पोट नसावे. प्रत्येक वळणावर आणि सरळ लांबीत साडेतीन मीटरच्या आत साफसफाईची झडप असावी. झडप नसेल तर तो डक्ट कधीच साफ होत नाही, कागदावर कितीही सह्या असोत. बॅफल फिल्टर, म्हणजे हुडातली तेल अडवणारी जाळी, तळणाच्या जागी रोज रात्री गरम साबणपाण्यात. आणि जेवढी हवा बाहेर काढता तिच्या ८० टक्के तरी ताजी हवा आत सोडा. ती सोडली नाही तर पंखा ती पुढच्या घरातून ओढतो: दारे आपोआप आदळतात, कौलांच्या फटींतून धूळ ताटांत पडते आणि गटाराचा वास आत येतो. मालक पंखा बदलतात, दोष पंख्याचा नसतो.

गॅसबद्दल अग्निशमन विभागाला विशेष विनंती आहे. एलपीजी हवेपेक्षा जड, ती गळली की जमिनीलगत पसरते आणि खोलगट जागेत, गटारात, जोत्याखालच्या पोकळीत बसते. महानगर गॅसच्या नळातून येणारा वायू हवेपेक्षा हलका, तो गळला की वर जातो आणि कडीपाटाखाली, पोटमाळ्यात कोंडतो. गॅस ओळखणारे यंत्र एलपीजीसाठी जमिनीपासून ३० सेंटिमीटरच्या आत, नळाच्या गॅससाठी छताखाली ३० सेंटिमीटरच्या आत बसवायला हवे. सिलेंडरवरून नळाच्या गॅसवर गेलेल्या जागेत यंत्र खालच्या जागीच राहते, आणि मग ते आयुष्यभर गप्प बसते. ना हरकत दाखला देताना यंत्र आहे का एवढेच पाहू नका, कुठल्या उंचीवर आहे तेही लिहा. सिलेंडरच वापरत असाल तर १०० किलोपर्यंतचा साठा विनापरवाना चालतो, म्हणजे १९ किलोचे पाच. सहावा आला की परवाना लागतो. रिकामेही मोजायचे, कारण रिकामा म्हणतात त्यात थोडा गॅस असतोच. आणि हे पाचही जुन्या घराच्या जिन्याखाली नकोत. ती जागा सगळ्यांना सोयीची वाटते, आणि आग लागली तर माळ्यावरच्या लोकांची खाली यायची वाट तीच असते.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे दर जानेवारी आणि जुलैमध्ये फॉर्म बी, म्हणजे आग विझवण्याची व्यवस्था चालू असल्याचा दाखला, द्यावा लागतो. जुन्या लाकडी इमारतींसाठी त्याला दोन ओळी जोडून घ्या: डक्टच्या आतून काढलेला तारखेसह फोटो, आणि पोटमाळ्यातल्या वायरिंगची तपासणी. तळणाच्या भट्टीजवळ वेट केमिकलचे, म्हणजे पेटत्या तेलासाठीचे, अग्निशामक हवे. पाणी मारले तर पेटते तेल उसळून लाकडावर जाते. प्रत्येक कढईला बसेल असे जाड झाकण हाताशी टांगलेले असावे, बहुतेक वेळा तेवढ्यावर भागते.

पाण्याच्या वाटेवर ग्रीज ट्रॅप, म्हणजे सांडपाण्यातले तेल अडवणारी पेटी, बसवतात तो बहुधा सिंकच्या अगदी खाली, लहान आणि कायम भरलेला. भांडी धुताना उकळते पाणी सोडले की त्यातले तूप-तेल वितळून ट्रॅपमधून सहज निसटते आणि पुढे गार नळीत जाऊन गोठते. म्हणून ट्रॅप सिंकपासून थोडा दूर, सावलीत, उघडता येईल असा हवा, आणि तेल व गाळ मिळून चौथा हिस्सा भरला की रिकामा करायचा. मिसळ-वड्याच्या जागी हे आठवड्याला करावे लागेल. नळी तुंबली की पाणी उलटे फिरते ते भिंतीच्या पायाशी, आणि तिथून भिंतीला लोणा, म्हणजे ओलीबरोबर वर येणारा खार, लागायला सुरुवात होते.

लोणा लागलेली भिंत सगळ्यांनी पाहिली आहे. जमिनीपासून हात-दोन हात उंचीपर्यंत रंग फुगलेला, पांढरी भुकटी, बोट लावले की गळणारा भुगा. त्यावर उपाय म्हणून सिमेंटचा गिलावा मारतात, वर ‘वॉटरप्रूफ’ रसायन, वर टाइल्स. दगड-चुन्याची भिंत जमिनीतून थोडी ओल घेते आणि पृष्ठभागावरून ती उडू देते, असाच तिचा संसार आहे. सिमेंटने वाट बंद केली की ओल वर चढत जाते, आणि जिथे सिमेंट संपते तिथे बाहेर पडते. सहा महिन्यांनी लोणा हातभर वर गेलेला दिसतो. मग सिमेंट आणखी वर चढवतात. शेवटी ओल तुळईच्या टोकाशी पोचते. मूळची शहाबादी फरशी काढून खाली काँक्रीट आणि वर चकचकीत टाइल्स घातल्या तरी हेच होते: जमिनीतून उडणारी ओल सगळीच्या सगळी भिंतींकडे वळते. सिमेंटशी आमचे वैर नाही. मागचे नवे स्वयंपाकघर खुशाल सिमेंट आणि टाइल्सचे बांधा, तिथे ते धुवायला सोपे आणि योग्य आहे.

जुन्या भिंतीचे काम असे करावे. सिमेंट छिन्नी-हातोड्यानेच उतरवावे, ब्रेकर लावू नये. त्याच्या हादऱ्याने आतला चुना सुटतो. आधी बोटाने ठोकून पाहा, पोकळ वाजेल तिथून सुरुवात करा, तो भाग आपसूक सुटतो. मग भिंत वाळू द्या. एक इंच जाडीला एक महिना हा जुना हिशोब. दीड फुटी भिंत दोन्ही बाजूंनी वाळली तरी नऊ महिने, म्हणजे पावसाळा संपताच सुरुवात केली तर पुढचा पावसाळा तोंडावर येतो. इथेच भाडेकरू अधीर होतो, कारण भाडे चालू झालेले असते. म्हणून आमचे मालकांना सांगणे आहे की भिंत वाळवण्याचे महिने भाडेकरारात लिहा आणि त्या काळात भाडे कमी घ्या. घर तुमचे आहे.

वाळल्यावर दर्जे (दगडांमधले सांधे) इंचभर खोल खरवडून, पाणी मारून, चुन्याने भरा. गिलाव्यासाठी १ भाग भिजवून मुरवलेला चुना, १ भाग सुरखी (विटांची भुकटी), २ भाग धुतलेली रेती. कळीचा चुना भिजवून किमान तीन आठवडे पाण्याखाली ठेवावा, जास्त दिवस ठेवला तर अधिक चांगला. घाई केली तर न विरलेले कण गिलाव्यात राहतात आणि काही आठवड्यांनी हवेतली ओल पिऊन फुगतात. भिंतीवर लाह्या फुटाव्यात तसे छोटे खड्डे पडतात, प्रत्येकाच्या तळाशी एक पांढरा ठिपका. गूळ आणि हिरडा भिजवलेले पाणी मिश्रणात घालण्याची आपली जुनी रीत आहे, ती चालू ठेवावी. एक थर अर्ध्या इंचाहून जाड नको. वर ओले गोणपाट टांगून आठवडाभर ओलावा धरायचा, कारण चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो आणि त्या कामाला ओल लागते. मार्च-एप्रिलच्या उन्हात उघडा सोडलेला गिलावा वरून कोरडा आणि आतून भुसभुशीत राहतो. शेवटी रंग चुन्याचाच. प्लास्टिक पेंट दिला की केलेले सगळे काम त्या एका डब्यात बुडाले.

एसीबद्दल थोडक्यात. दीड टनाच्या एसीचे बाहेरचे यंत्र चाळीसेक किलोचे असते आणि ते सतत थरथरते, म्हणून ते दगडी भिंतीवर खिळवू नका, जमिनीवर ओट्यावर ठेवा. एसीच्या आतल्या यंत्रातून दमट दिवसांत तासाला लिटर-दोन लिटर पाणी नळीने बाहेर येते. ती नळी भिंतीवर मोकळी सोडली की शेवाळ येते, मागोमाग पिंपळ, आणि पिंपळाचे रोप वरून छाटत राहिले तर मूळ आत जाड होत जाते.

पाट्यांचे सांगायला हवे. २०२२ पासून देवनागरी पाटी सर्व दुकानांना बंधनकारक झाली, अक्षरे इतर भाषेपेक्षा लहान नकोत हेही ठरले. आम्हांला ते मनापासून पटते. दुःख आहे ते पाटी लावण्याच्या रीतीचे. अख्ख्या दर्शनी भागावर पत्र्याची चौकट ठोकून फ्लेक्स ताणतात, त्यामागे कोरीव हस्त (छज्जाखालचे लाकडी आधार), गॅलरीचा कठडा आणि माळ्याला वारा देणारी जाळी सगळे झाकले जाते. वारा बंद झाला की माळा तापतो, लाकूड घामेजते. चौकटीचे साधे लोखंडी बोल्ट गंजून फुगतात आणि दगड तडकवतात. सुटी अक्षरे घ्या, लाकडाची किंवा पितळेची, एका आडव्या पट्टीवर. पट्टी स्टेनलेस स्टीलच्या स्क्रूने आणि दगडात नव्हे, दर्जांत बसवा, म्हणजे उद्या काढली तर चुन्याने भोक बुजते. जुन्या आळ्यांपुरता महापालिकेने पाटीचा असा एक नमुना नकाशासह काढला तर दुकानदार तो आनंदाने वापरतील. आज त्यांना फ्लेक्सवाल्याशिवाय सल्ला द्यायला कोणी नाही.

आता सर्वांत गंभीर मुद्दा, आणि तो थेट महापालिकेकडे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाप्रमाणे ३० वर्षांवरील इमारतींचे स्ट्रक्चरल ऑडिट होते आणि सी-१, सी-२ए, सी-२बी, सी-३ अशी वर्गवारी लागते. सी-१ म्हणजे रिकामी करून पाडणे, सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. या ऑडिटमध्ये रिबाउंड हॅमर, अल्ट्रासोनिक, सळीच्या गंजाची चाचणी वगैरे मागितल्या जातात. या सगळ्या काँक्रीटच्या चाचण्या आहेत. दगड, चुना आणि सागाच्या घरात सळीच नाही, आणि चुन्याच्या भिंतीवर रिबाउंड हॅमर मारला तर आकडा खराबच येणार. तापमापकाने वजन मोजण्यासारखा हा प्रकार आहे, आणि त्याच्या आधारावर धडधाकट घराला सी-१ लागू शकते. उलट, तुळयांची टोके कुजलेले घर दर्शनी भिंत बरी दिसते म्हणून सी-३ मध्ये सुटू शकते, आणि तिथे माळ्यावर चाळीस माणसे जेवत असतील.

भारवाहक भिंतींच्या व लाकडी घरांसाठी ऑडिटचा वेगळा नमुना करा. त्यात प्रत्येक तुळईच्या दोन्ही टोकांची टोचून आणि बारीक ड्रिलने केलेली तपासणी, ओल मोजणाऱ्या यंत्राचे आकडे, खांबाखालचे तळखडे खचले आहेत का, भिंत ओळंब्यात किती कलली, आणि भेगांवर काचेच्या पट्ट्या. ही पट्टी फार साधी गोष्ट आहे: भेगेवर आडवी काच दोन्ही बाजूंना प्लास्टरने चिकटवायची आणि तारीख लिहायची. काच तडकली तर भेग चालू आहे, वर्षभर शाबूत राहिली तर भेग जुनी आणि झोपलेली आहे. घराचा निकाल पावसाळ्याआधीचे आणि नंतरचे निरीक्षण मिळून लावावा. तातडीचा धोका दिसला तर टेकू तत्काळ द्यावा, तो काही हजारांचा खर्च असतो.

वारसा यादीतल्या इमारतींची चिंता आम्हांला तुलनेने कमी आहे. १८७९ चे सिनेगॉग, कौपिनेश्वराचे देऊळ, तलावपाळीजवळचे चर्च यांच्याकडे पाहणारे लोक आहेत. वारसा श्रेणींच्या नियमांत श्रेणी तीनच्या इमारतींना आतून बदल करून नव्या वापराची मुभा असते, श्रेणी एकमध्ये जवळपास काहीच हलवता येत नाही. प्रश्न यादीबाहेरच्या साध्या घरांचा आहे. त्यांना ना यादीचे संरक्षण, ना दुरुस्तीचा नियम. उपाहारगृहाच्या परवान्याचा अर्ज हाच तिथे महापालिकेला शिरायचा एकमेव दरवाजा आहे, म्हणून त्या अर्जात जुन्या इमारतीचे एक वेगळे पान असावे. चूल कुठे, पाणी कुठे, डक्ट कुठून, गिलावा कशाचा, माळ्यावर माणसे किती: एवढे पाच प्रश्न पुरेत. आणि जो मालक परसात वेगळे, ठेंगणे स्वयंपाकघर बांधायला तयार आहे त्याला तेवढ्या बांधकामाची परवानगी लवकर आणि कमी शुल्कात द्या. ती मिळायला जितका वेळ लागतो तितका मोह माजघरातच भट्टी लावण्याचा होतो.

खाण्याच्या वारशाबद्दल एक सूचना आहे. ठाण्याचे बाहेरचे खाणे स्टेशन आणि कचेऱ्यांभोवती वाढले. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून पहिली प्रवासी गाडी इथे आली, आणि आजही स्टेशनसमोरचा कुंजविहारचा वडापाव आणि मामलेदार कचेरीजवळची मिसळ हीच ठाण्याची जगभर सांगितली जाणारी चव आहे. घरांतली चव मात्र रस्त्यावर फार थोडी आली. खारकर आळीतल्या सीकेपी घरांचे वालाचे बिरडे, सोड्याची खिचडी आणि निनावे, कोळीवाड्यांतली तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी, ईस्ट इंडियन (इथल्या मराठी ख्रिस्ती) घरांतला बॉटल मसाला आणि फुगे, बेने इस्रायली (मराठी ज्यू) घरांतला नारळाच्या दुधाचा चिकाचा हलवा. हे सगळे एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर शिजते. महापालिकेच्या ताब्यातल्या एखाद्या जुन्या, नीट उभ्या असलेल्या इमारतीत या सगळ्यांचे एक खाद्यदालन होऊ शकते.

ते चालवायचे असेल तर आखणी स्वयंपाकाच्या बाजूने करा. जुन्या इमारतीत आठ काउंटर, प्रत्येकी अडीच मीटरचे, ज्योत एकाकडेही नाही. अन्न मागच्या सामाईक स्वयंपाकघरातून येईल आणि काउंटरवर विजेच्या गरम पाण्याच्या टबात ६० अंशांच्या वर राहील. तिथे तीन वेगळी धुण्याची ठिकाणे हवीत: शाकाहारी, मांसाहारी, आणि मासळी-सोड्यांची. बेने इस्रायली रीतीत मांस आणि दूध एकत्र येत नाही, म्हणून त्यांना भांड्यांचे वेगळे कपाट आणि वेगळी फळी द्यावी लागेल. ते आधी ठरले नाही तर ती मंडळी येणारच नाहीत. वाल भिजवून मोड आणून सोलायला दोन दिवस लागतात, तर त्यासाठी सावलीची, उताराची, झाकलेली जागा हवी. मागून पुढे येणारी वाट १.२ मीटर रुंद ठेवा आणि ती जुन्या चौकटीतून नेऊ नका. ट्रॉली जिथून जाते त्या चौकटीकडे वाकून पाहा: गुडघ्याच्या उंचीवर दोन्ही बाजूंना साग दाढीसारखा खरडलेला असतो. चौकटीतूनच न्यावी लागली तर तेवढ्या भागाला चामड्याची किंवा रबराची पट्टी बांधा, खिळा मारू नका. काउंटर घरगुती स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या बचत गटांना परवडावेत असे वाटत असेल तर अनामत रक्कम लहान आणि भाडे विक्रीच्या हिश्शावर ठेवा. भट्टी, हूड आणि ग्रीज ट्रॅप सामाईक असल्याने त्यांचा सुरुवातीचा खर्च तसाही निम्म्याहून कमी होतो.

राहता राहिला रस्ता, आणि तो सार्वजनिक बांधकाम विभागाच्या हातात आहे. जुन्या घराच्या जोत्याला चार पायऱ्या होत्या, आता बहुतेक ठिकाणी एक उरली आहे, काही घरांत तर रस्त्यावरून खाली उतरावे लागते. दर वेळी आधीच्या थरावर नवा थर पडतो. पावसाचे पाणी ओट्यावरून थेट भिंतीच्या पोटात जाते, आणि वर लिहिलेला चुना, भिंत वाळवण्याचे नऊ महिने, सगळे व्यर्थ होते. जुन्या आळ्यांतल्या रस्त्यांच्या निविदेत तीन गोष्टी आकड्यांत लिहा. नवा थर घालण्याआधी जुना तेवढाच खरवडायचा. रस्त्याची पातळी लगतच्या जोत्यापेक्षा किमान १५ सेंटिमीटर खाली राहील. घर आणि काँक्रीट यांच्यामध्ये हातभर रुंदीची खडीची पट्टी मोकळी राहील, तिच्यावर पेव्हर ब्लॉक येणार नाहीत. काम सुरू होण्याआधी प्रत्येक घराच्या जोत्यावर रंगाने पातळीची रेघ मारून तिचा फोटो कंत्राटदाराकडून घ्यावा, आणि बिल मंजूर करताना तीच रेघ पुन्हा मोजावी. ही रेघ मारायला आमच्यातले गवंडी आणि सुतार प्रत्येक आळीत सोबत येतील.

आपले,
जुन्या ठाण्यातल्या घरांवर आणि स्वयंपाकघरांत काम करणारे
गवंडी, सुतार, अभियंते व जोडणी कामगार